कळफलकाचा अखत्यार कोणाकडे?

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाचा दिवस एकाच फाइलीत जात नाही. ज्या फंक्शनमधील दोष शोधायचा ते एका फाइलीत, त्याला हाक मारणारे दुसऱ्या फाइलीत, त्याची चाचणी तिसरीत आणि ज्या सेटिंगांवर हे सारे चालते ती चौथीत, अशा फेऱ्या त्याला अखंड माराव्या लागतात; आणि अशा एखाद्या फेरीत, नव्या फाइलीचा मजकूर डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत असताना तो टाइप करू लागावा, आणि अक्षरे त्या मजकुरात न उमटता डाव्या बाजूच्या फाइलींच्या यादीत, शोधाच्या चौकटीत, खालच्या टर्मिनलमध्ये जावीत, किंवा मुळीच कोठे जाऊ नयेत, हा अनुभव कोड लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. वरवर पाहता ही तक्रार क्षुल्लक वाटते. परंतु ज्याचे काम चित्ताच्या एकाग्रतेवरच चालते त्याची विचारशृंखला दिवसातून अनेकदा अशी तुटू लागली, तर तिची कारणमीमांसा करणे अगत्याचे ठरते. आणि ती करू गेले असता असे दिसते की, माणसाचा हेतू यंत्राला कसा कळावा, हा संगणकशास्त्रातील एक जुना व मूलभूत प्रश्नच या तक्रारीच्या मुळाशी आहे.

प्रथम मूळ व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. माऊसची टिचकी आणि कळफलकावरील कळ यांत एक महत्त्वाचा भेद आहे. टिचकी जेथे मारली जाते ते स्थळ तिच्याबरोबरच येते, त्यामुळे ती कोणासाठी आहे हे ठरवण्यास यंत्राला फारसा प्रयास पडत नाही. कळीच्या दाबाबरोबर मात्र असा कोणताही पत्ता येत नाही. ‘क’ची कळ दाबली एवढेच यंत्राला कळते, तो ‘क’ कोणाला उद्देशून आहे हे कळत नाही. म्हणून पडद्यावर कितीही चौकटी मांडलेल्या असल्या, तरी कोणत्याही क्षणी त्यांपैकी नेमक्या एकीकडे कळा स्वीकारण्याचा अखत्यार सोपवून ठेवावा लागतो, आणि संगणकाच्या व्यवहारात या अखत्यारालाच फोकस म्हणतात. हा अखत्यार दोन पायऱ्यांनी ठरतो: अनेक विंडोंपैकी कोणत्या विंडोला कळा द्यायच्या हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, आणि त्या विंडोच्या पोटातील कोणत्या घटकाला त्या पोचवायच्या हे तो प्रोग्राम स्वतः ठरवतो. फाइल बदलताना उद्भवणारे घोटाळे बहुतांशी या दुसऱ्या पायरीवरचे असतात. तथापि त्यांचे मर्म पहिल्या पायरीच्या इतिहासात अधिक स्वच्छ दिसते.

एका टर्मिनलवर एकच प्रोग्राम चालत असे त्या काळी हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते, कारण कळा घेणारा एकटाच होता. १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात आल्टो हा संगणक तयार झाला, पुढे त्याच्या पडद्यावर एकाहून अधिक विंडो एकमेकींवर मांडता येऊ लागल्या, आणि एका कळफलकाचे अनेक दावेदार निर्माण झाले. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या आणि १९८७ साली अकराव्या आवृत्तीला पोचलेल्या एक्स विंडो सिस्टिमच्या वापरकर्त्यांत तर दोन पंथच पडले: एकाच्या मते ज्या विंडोवर टिचकी मारावी तिला कळा मिळाव्यात, दुसऱ्याच्या मते माऊसचा बाण ज्या विंडोवर असेल तिला, टिचकीवाचूनच, त्या मिळाव्यात. परंतु या वादापेक्षा त्या व्यवस्थेतील एक बारीक तरतूद आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तेथे फोकस मागणाऱ्या प्रोग्रामाला आपल्या विनंतीबरोबर काळाची नोंद जोडता येते. आणि ती नोंद फोकसच्या शेवटच्या बदलापेक्षा जुनी निघाली, तर ती विनंती निमूटपणे फेटाळली जाते. उशिरा पोचलेल्या जुन्या मागणीने माणसाचा नवा निर्णय उलटवू नये, हे तत्त्व त्या शिल्पकारांनी तेव्हाच ओळखले होते. पुढे मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ९८ आणि विंडोज २००० यांच्यापासून असा निर्बंध घातला की, एखाद्या प्रोग्रामाने वाटेल तेव्हा स्वतःला पुढे आणून चालू काम हिरावून घेऊ नये. त्याला फार तर खालच्या पट्टीवरील आपले बटण लुकलुकवून लक्ष वेधता यावे.

यंत्राची ही बाजू झाली. माणसाची बाजूही तितकीच विचारार्ह आहे. १९७६ साली बिल जॉय यांनी बर्कली येथे व्हीआय हा एडिटर लिहिला. त्यात तीच कळ एका अवस्थेत अक्षर उमटवते आणि दुसऱ्या अवस्थेत मजकूर पुसण्याची आज्ञा ठरते. अशा अवस्थाभेदांना, म्हणजे मोड्सना, लॅरी टेस्लर यांचा आयुष्यभर विरोध होता. झेरॉक्सच्या त्याच केंद्रात टिम मॉट यांच्यासमवेत त्यांनी घडवलेला जिप्सी हा एडिटर त्या विरोधाचे आद्य फळ होय, आणि आपल्या मोटारीच्या पाटीवरही त्यांनी मोड नकोत अशा अर्थाची अक्षरे मिरवली होती. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ साली मानवी कृतींतील स्खलनांचे जे वर्गीकरण केले, त्यात यंत्र एका अवस्थेत असताना दुसऱ्या अवस्थेला साजेशी कृती करून बसणे हा एक स्वतंत्र वर्ग आहे. जेफ रास्किन यांनी २००० साली ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या ग्रंथात याचे कारण सांगताना असे प्रतिपादन केले की, माणसाचे जाणीवपूर्वक लक्ष एका वेळी एकाच विषयावर राहू शकते, आणि यंत्राची अवस्था हा तो विषय नसेल तर अशा चुका अपरिहार्यच आहेत. या कसोटीवर पाहिले असता फोकस हाही एक मोडच ठरतो, कारण तो कोठे आहे यावर त्याच कळीचा परिणाम पालटतो. आणि कोड लिहिणाऱ्याचे लक्ष त्या वेळी एखाद्या चलाच्या मूल्यात किंवा अटीच्या सत्यासत्यतेत गुंतलेले असते, फोकसच्या ठिकाणाकडे नसते. अशा प्रसंगी दोष त्या माणसाच्या अनवधानाला देणे न्याय्य नाही.

आता प्रत्यक्ष कोड एडिटरकडे वळू. २०१५ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेला व्हीएस कोड हा आज सर्वपरिचित असल्यामुळे त्याचेच उदाहरण घेऊ. त्याच्या एका विंडोत फाइलींची यादी, मजकुराचे एक किंवा अनेक विभाग, शोधाची चौकट, टर्मिनल आणि आज्ञांची पट्टी असे अनेक दावेदार शेजारी शेजारी नांदतात. यादीतील फाइलीवर एकदा क्लिक केले की ती पूर्वदर्शनापुरती उघडते. तिच्या टॅबवरील नाव तिरप्या अक्षरांत दिसते, पुढच्या फाइलीवर क्लिक करताच तीच जागा नवी फाइल घेते, आणि या सर्व काळात फोकस यादीतच राहतो. डबल क्लिक केले तर मात्र फाइल कायमची उघडते आणि फोकस मजकुरात जातो. विंडोजवर किंवा लिनक्सवर यादीत असताना स्पेसबार दाबला तर फाइल दिसते पण फोकस हलत नाही. एंटर दाबले तर फाइल उघडून फोकसही तिच्यात जातो. मॅकवर मात्र यादीतील तेच एंटर फाइलीचे नाव बदलू लागते.

ही रचना प्रथमदर्शनी लहरी वाटली, तरी तिच्यामागे एक सुस्पष्ट विवेक आहे. फाइल उघडणाऱ्या माणसाचे हेतू दोन असू शकतात: एक नुसते पाहण्याचा, दुसरा तेथे काम करण्याचा. एखादी व्याख्या कोणत्या फाइलीत आहे हे हुडकताना तो यादीतून खाली उतरत एकामागून एक फाइली न्याहाळत असतो, आणि प्रत्येक फाइलीबरोबर फोकस मजकुरात ओढला गेला तर खालच्या बाणाची पुढची कळ यादीला न मिळता मजकुरातील कर्सरला मिळेल व त्याचा शोध जागीच थांबेल. उलट, दुरुस्ती करण्यासाठी आलेल्या माणसाचा फोकस यादीतच राहिला, तर त्याने टाइप केलेली अक्षरे यादीतील त्या नावाच्या फाइलीकडे उडी मारतील; पेस्ट करण्याची आज्ञा मजकुराऐवजी फाइलीवर चालेल; कंट्रोल-झेड मजकुरातील बदल मागे घेण्याऐवजी आधी केलेले फाइलीचे स्थलांतर किंवा नामांतर मागे घेऊ पाहील; आणि डिलीटची कळ एका अक्षराऐवजी सबंध फाइल काढून टाकण्याची परवानगी विचारील. दोन्ही हेतू रास्त आहेत, दोन्ही प्रसंगी पडद्यावर दिसणारा मजकूर तोच आहे, आणि फरक आहे तो केवळ माणसाच्या मनात. माझ्या मते फाइल-बदलातील फोकसच्या एकूण प्रश्नाचा गाभा येथे आहे.

१९७६ साली एमआयटीत उदय पावलेल्या ईमॅक्सच्या परंपरेने हा भेद फार पूर्वीच उघडपणे मान्य केला होता. ग्नू ईमॅक्समध्ये फाइलीचा मजकूर शेजारच्या विभागात नुसता दाखवण्याची आज्ञा वेगळी आहे, आणि तो दाखवून तेथे जाण्याची वेगळी. शिवाय प्रत्येक विभागाला मजकुरातील आपापले स्थान स्मरते, त्यामुळे परत आलेल्या माणसाला आपला कर्सर जेथे ठेवला होता तेथेच सापडतो. पाहणे आणि जाणे यांची अशी फारकत केल्यावर यंत्राला तर्क लढवावा लागत नाही. हेतू कोणता हे माणूस स्वतःच सांगतो.

हेतू बरोबर ओळखला तरी अंमलबजावणीत घोटाळा होऊ शकतो, आणि त्यासाठी या एडिटरांच्या अंतर्रचनेत थोडे डोकावणे आवश्यक आहे. व्हीएस कोडसारखे अनेक एडिटर वस्तुतः ब्राउझरच्या पायावर उभारलेले आहेत. पडद्यावर दिसणारी रंगीत अक्षरे ही केवळ काढलेले चित्र असून, कळा स्वीकारण्याचे काम त्यामागे दडवलेली मजकुराची एक लहानशी अदृश्य पेटी करते, ही रीत या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ आहे. डोळ्यांना दिसणारा मजकूर आणि कळा घेणारा घटक हे मुळातच भिन्न असल्यामुळे, पहिला दिसतो आहे म्हणून दुसरा सज्ज असेलच असे नाही.

पहिले कारण हस्तांतराचे आहे. टॅब बदलताना प्रोग्राम जुन्या फाइलीचे घटक पृष्ठावरून काढून टाकतो आणि नवे मांडतो; आणि ज्या घटकाकडे फोकस होता तोच काढून टाकला, तर ब्राउझर तो फोकस नव्या घटकाला देत नाही, तो सबंध पृष्ठाच्या नावे जमा होतो, म्हणजे व्यवहारतः कोणाकडेच राहत नाही. सरकारी कचेऱ्यांत बदलीच्या वेळी जाणारा आणि येणारा अशा दोन्ही अंमलदारांच्या सह्या कार्यभाराच्या दाखल्यावर घेण्याचा जो शिरस्ता आहे, त्याचा हेतू हाच की एक क्षणभरही ती जागा बेवारस राहू नये. नेमका हा शिरस्ता येथे पाळला जात नाही. अशा वेळी दाबलेल्या कळा नष्ट होतात, कोणतीही सूचना मिळत नाही, आणि माणूस मजकुरावर माऊसने टिचकी मारीपर्यंत कळफलक मुका राहतो.

दुसरे कारण वेळेचे आहे. फाइल डिस्कवरून किंवा दूरच्या सर्व्हरवरून वाचून येण्यास काही अवधी लागतो, आणि त्या अवधीत प्रोग्राम थांबून राहत नाही. नवा मजकूर मांडून होण्यापूर्वीच त्याला फोकस देण्याचा हुकूम सुटला, तर अदृश्य घटक फोकस स्वीकारत नाही आणि तो हुकूम कोणताही दोष न नोंदवता वाया जातो. हे टाळण्यासाठी प्रोग्रामर हुकूम थोडा लांबणीवर टाकतात, तेव्हा उलट अनर्थ संभवतो: तेवढ्या वेळात माणूस शोधाच्या चौकटीत जाऊन टाइप करू लागलेला असतो, उशिरा सुटलेला हुकूम त्याला तेथून खेचतो, आणि एकाच शब्दाचा पूर्वार्ध शोधात व उत्तरार्ध कोडमध्ये जातो. येथे एक्स विंडो सिस्टिमच्या त्या काळाच्या नोंदीचे महत्त्व पटते. प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्यावा, आणि मधल्या काळात माणसाने नवा निर्णय घेतला असेल तर जुनी मागणी बाद करावी, एवढा नियम पाळला तर या वर्गातील दोषांचा बंदोबस्त होतो. लांबणीचा अवधी कमीअधिक करत राहणे हा मात्र उपाय नव्हे. वेगवान यंत्रावर लपलेला दोष मंद यंत्रावर पुन्हा उभा राहतो.

तिसरे कारण परतीचे आहे. कंट्रोल-पी दाबून फाइलीचे नाव टाइप करण्यासाठी जी चौकट उघडते, ती मिटताना फोकस आधी ज्याच्याकडे होता त्याला परत करावा हा सामान्य नियम योग्यच आहे. परंतु त्या चौकटीतून नवी फाइल निवडली गेली असेल, तर आधीचा घटक आता पडद्यावरच नसतो, किंवा असला तरी माणसाला तेथे जायचे नसते. परत करणे आणि पुढे नेणे या दोन आज्ञा एकाच क्षणी सुटतात, आणि ज्या आज्ञेचा क्रम नंतर लागतो तिचा अंमल टिकतो. एस्केपने चौकट मिटवली असेल तर फोकस परत जावा, निवड करून मिटवली असेल तर नव्या फाइलीत जावा, असा स्पष्ट निवाडा आधीच केलेला असला पाहिजे. याच्याच जोडीला एक्स्टेन्शन्सचा उपद्रव येतो: व्हीएस कोडमध्ये एखाद्या एक्स्टेन्शनने फाइल दाखवली की, फोकस हलवू नये असे त्याने मुद्दाम सांगितले नसेल, तर फोकसही त्या फाइलीकडे जातो, आणि मग कोणी न मागता उघडलेली नोंदवही चालू ओळीच्या मधोमध कळा हिरावून घेते.

डोळस माणूस अशा घोटाळ्यातून माऊसच्या एका टिचकीने सुटतो. अंध प्रोग्रामरला ही सवलत नाही. त्याचे काम पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर चालते. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी आरंभलेला एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर मराठीतही बोलू शकतो. परंतु तो मुख्यतः फोकसच्या मागोमाग वाचत जातो. फोकस बेवारस झाला की त्या माणसापुढचा सबंध पडदाच जणू नाहीसा होतो, आणि तो चुकीच्या जागी असला तर कानावर पडणारे व हाताखाली घडणारे यांत मेळ राहत नाही. म्हणूनच २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेबसंबंधी मार्गदर्शक तत्त्वांत सर्व कामे कळफलकाने करता यावीत, फोकस कोठेही अडकून पडू नये, त्याचा क्रम अर्थाला धरून असावा आणि तो डोळ्यांना दिसावा, असे निकष घातले गेले. आणि २०२३ च्या २.२ या आवृत्तीत फोकस असलेला घटक दुसऱ्या कशाखाली पूर्णपणे झाकला जाऊ नये ही भर पडली. कोड एडिटरपुढे यात एक खास अडचण आहे. अन्यत्र टॅबची कळ पुढच्या घटकाकडे नेते, तर कोडमध्ये ती ओळ आत सरकवण्यासाठी हवी असते. त्यामुळे केवळ कळफलकावर विसंबणारा माणूस मजकुरात शिरल्यावर टॅबने बाहेर पडू शकत नाही. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-एमने टॅबचा अर्थ पालटण्याची जी सोय आहे ती या अडचणीवरचा तोडगा होय.

मराठी मजकूर असलेला कोड लिहिणाऱ्यांना या प्रश्नाचे आणखी एक अंग जाणवते. रोमन अक्षरांवरून देवनागरी घडवणाऱ्या ध्वनिनिष्ठ टायपिंगमध्ये शब्द पुरा होईपर्यंत तो अधांतरी, बहुधा अधोरेखित अवस्थेत असतो, आणि त्या अवस्थेत फोकस हलला तर तो अर्धा शब्द कायम व्हावा की रद्द व्हावा हा प्रश्न उभा राहतो. व्हीआयच्या वंशातील एडिटरांत तर देवनागरी मांडणी चालू राहिली असता आज्ञांच्या कळाही देवनागरी अक्षरे पाठवतात आणि आज्ञा चालत नाहीत. त्याच वंशातील विम या एडिटरमध्ये मजकूर लिहितानाच वेगळी मांडणी लागू करणारी तरतूद आहे ती यासाठीच.

उपाययोजनेचा विचार करता वापरणाऱ्याच्या हाती थोडे आहे, पण ते उपयुक्त आहे. काम करण्याच्या हेतूने फाइल उघडायची असेल तेव्हा यादीवर एकदा क्लिक करण्यापेक्षा कंट्रोल-पी आणि एंटर हा मार्ग धरावा. यादीत अडकल्याची शंका येताच कंट्रोल-१ दाबून पहिल्या मजकूर-विभागात जाण्याची सवय हाताला लावावी. आणि कर्सर व चालू विभाग यांचे रंग इतके ठळक निवडावेत की नजरेच्या कडेनेही त्यांची जाणीव राहावी.

खरी जबाबदारी मात्र साधन घडवणाऱ्याची आहे, आणि ती तीन वचनांत सांगता येते: फोकस माणसाच्या स्पष्ट कृतीवाचून हलवू नये, हलवलाच तर तो कोणाच्या तरी निश्चित हवाली केल्यावाचून पहिल्याकडून काढू नये, आणि तो कोठे आहे हे सदैव दिसावे व ऐकू यावे. या वचनांची परीक्षा घेण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. माऊस बाजूला काढून ठेवावा, यंत्र मुद्दाम मंद करावे, फाइल बदलण्याचे जेवढे मार्ग एडिटरमध्ये आहेत तेवढे एकेक करून अनुसरावेत, आणि प्रत्येक बदलानंतर क्षणाचाही विलंब न लावता एक शब्द टाइप करून त्याचे पहिले अक्षर कोठे पडले ते पाहावे. जो एडिटर या परीक्षेत सर्व मार्गांनी उतरतो, त्याच्या कर्त्यांनी पाहू इच्छिणाऱ्याला पाहू देण्याचे आणि लिहू इच्छिणाऱ्याला लिहू देण्याचे आपले कर्तव्य पुरे केले असे म्हणता येईल. आणि जो उतरत नाही, त्यात नव्या सोयींची भर घालण्यापूर्वी हे राहिलेले काम हाती घेतले पाहिजे, कारण कोणत्याही सोयीचा लाभ कळ योग्य ठिकाणी पोचल्यावरच मिळणार आहे.